भाड्याने द्यायला फ्लॅट घ्यायचाय पण डाऊन पेमेंट कमी आहे? मग हे बघा

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, लोन किती मिळणार. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखांपर्यंतच्या होम लोनला किमतीच्या ९०%, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८०% आणि त्यावर ७५%, म्हणजे जास्तीत जास्त एवढं, तेवढं मिळेलच असं नाही. मुंबईत ३० लाखांच्या लोनमध्ये बसणारा फ्लॅट शोधून दाखवा, त्यामुळे डाऊन पेमेंट २०% धरूनच चाला.

समजा दहिसरला ७० लाखांचा रिसेलचा वन बीएचके बघितलाय. स्वतःचे १४ लाख, वर स्टॅम्प ड्युटी ६% म्हणजे ४ लाख २० हजार (बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १% कमी), रजिस्ट्रेशन ३० हजार, हे लोनमध्ये धरत नाहीत, आणि ब्रोकर वेगळाच. झाले साडेअठरा लाखांच्या वर. त्यात मालक म्हणाला थोडे कॅशमध्ये द्या, तर सरळ नाही म्हणा, कारण बँक ॲग्रीमेंट व्हॅल्यू आणि तिचं स्वतःचं व्हॅल्युएशन यात जे कमी त्यावर लोन देते, वरचं सगळं तुमच्या खिशातून. डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढायचा विचार असेल तर तो हप्तापण सिबिलमध्ये (तुमच्या कर्जांच्या रेकॉर्डमध्ये) दिसतो आणि होम लोनची रक्कम तेवढी खाली येते. त्यापेक्षा पगार असलेली बायको किंवा नवरा को-ॲप्लिकंट (सहअर्जदार) घ्या, दोघांचे पगार धरले की लोन जास्त बसतं.

कागद: पॅन, आधार, ३ महिन्यांच्या सॅलरी स्लिप, ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, धंदा असेल तर ३ वर्षांचे आयटीआर. फ्लॅटचे कागद मात्र जास्त छळतात, आधीच्या सगळ्या मालकांच्या ॲग्रीमेंटची चेन, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र). चेनमधलं एक ॲग्रीमेंट जरी गायब असलं तरी बँकेचा वकील फाईल अडवतो, म्हणून टोकन द्यायच्या आधीच मालकाकडून झेरॉक्स मागून घ्या. पागडीच्या (जुन्या भाडेहक्काच्या) खोलीला बँका शक्यतो लोन देतच नाहीत. किंमत ५० लाख किंवा जास्त असली की पेमेंट करताना १% टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे इन्कम टॅक्स) त्याच्या पैशातून तुम्हीच कापून भरायचा (विकणारा एनआरआय असेल तर नियम वेगळे, सीएला विचारा).

आणि भाड्यातून ईएमआय निघेल हे डोक्यातून काढा. ५६ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरला तर हप्ता ४८ हजार ६०० च्या आसपास, ७० लाखांच्या फ्लॅटला एवढं भाडं कोण देणार? निम्मं आलं तरी खूप.

भाडेकरू ठेवताना लीव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) रजिस्टर करावंच लागतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावेल, पण ते बिलातल्या सर्व्हिस चार्जेसच्या १०% पर्यंतच, मेंटेनन्सच्या पूर्ण बिलावर नाही, तेव्हा पहिलं बिल आलं की नीट वाचा.