एलईडीच्या उजेडावर लेसर पेटवताना

लॅमिंग्टन रोडवर सीसीटीव्हीचे इन्फ्रारेड एलईडी ढिगाने मिळतात, पण ते बहुतेक ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे. ज्यातून लेसर निघतो त्या निओडिमियम-याग स्फटिकाला ऊर्जा भरायला ८०८ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश लागतो. ८५०चा त्यातून जवळजवळ आरपार निघून जातो. दुकानदार ‘सगळं इन्फ्रारेड सारखंच’ म्हणाला तरी डेटाशीटवर ८१० पाहूनच घ्यावेत.

एलईडीचा प्रकाश साधारण ३० नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्यात पसरलेला असतो आणि स्फटिक त्यातला थोडाच शोषतो. त्याऐवजी हाच स्फटिक पेटवायला वापरतात त्या लेसर डायोडचा पट्टा अरुंद, नेमका बसणारा. पण तो अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकतो, म्हणून त्याचं तापमान बांधून ठेवावं लागतं. जुलैतल्या मुंबईत त्याला २४-२५ अंशांखाली नेलं की डायोडवर दव धरतं. एलईडीचा पट्टा चार-पाच नॅनोमीटर सरकला तरी फारसं बिघडत नाही. ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि पंखा पुरतो.

खरी अडचण तेजस्वितेची, म्हणजे लहानशा जागेतून एका दिशेला किती उजेड जातो त्याची. एलईडी चौफेर उजेड फेकतो आणि कोणतंही भिंग मूळ तेजस्विता वाढवू शकत नाही. म्हणून भिंगं विसरून एलईडी स्फटिकाच्या रॉडला जवळजवळ चिकटवायचे. घुमट नसलेले, चपटे घ्यायचे. ३ मिमी जाड, ६० मिमी लांब रॉडभोवती साडेतीन मिमीच्या १७ एलईडींच्या ६ ओळी बसतात. निओडिमियम ऊर्जा सुमारे २३० मायक्रोसेकंद धरून ठेवतो, म्हणून एलईडी सतत न पेटवता २०० मायक्रोसेकंदांचे झोत द्यायचे. सेकंदाला १० झोत म्हणजे एलईडी फक्त ०.२ टक्के वेळ चालू. त्यामुळे १ अँपियरचा एलईडी ५ अँपियर सोसतो. उजेड मात्र पाचपट होत नाही, चिप तापते, तिप्पट धरावा.

प्रत्येकी ३ वॅट धरले तर झोताला ६० मिलिजूल. त्यातले १५ शोषले गेले, तर शेवटी रॉडमध्ये सात-आठ उरतात. त्यातून प्रकाशाच्या एका ये-जा फेरीत वाढ होते जेमतेम ३५-४० टक्के. इथेच बरेच जण फसतात: फ्लॅशलॅम्पच्या (कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारख्या दिव्याच्या) लेसरमधला ५० टक्के परावर्तनाचा आरसा लावतात आणि काहीच पेटत नाही. लेसर ज्यातून बाहेर पडतो तो आरसा ९५ ते ९८ टक्क्यांचाच हवा, रॉडच्या टोकांना १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे या लेसरच्या स्वतःच्या तरंगलांबीचा, अपरावर्तक लेप हवा. बोटाचा एक ठसासुद्धा इथे महागात पडतो.

एका ओळीतले १७ एलईडी सिरीजमध्ये जोडावेत. झोताच्या वेळी ओळीला सुमारे ५० व्होल्ट लागतात. पॅरलल जोडले तर सगळ्यात कमी व्होल्टेजचा एलईडी जास्त करंट खेचतो आणि आतली बारीक तार उडते. कपॅसिटर आणि मॉसफेट (झोत चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) एलईडींच्या बोर्डाजवळच ठेवावेत. लांब वायरींमुळे करंट सावकाश चढतो आणि मोजक्या मायक्रोसेकंदांतले काही वाया जातात.

१०६४ नॅनोमीटर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. त्याच तरंगलांबीचा गॉगल आधी, स्विच नंतर.