न सापडलेली नोंद

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घ्यायची तर आधी ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मग प्रश्नांची रांग. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? फरार आहात का? अमली पदार्थ घेता का? कधी सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलं होतं का? घरगुती हिंसाचाराबद्दल शिक्षा झाली आहे का? स्वतःबद्दलची ही उत्तरं माणूस स्वतःच देणार, म्हणून दुकानदार त्याची माहिती 'निक्स' या राष्ट्रीय यंत्रणेकडे पाठवतो. एफबीआय ती वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गहून चालवते. काही राज्यं हे काम आपल्या पोलिसांकडून करून घेतात. दहापैकी सुमारे नऊ वेळा 'विका' किंवा 'नाकारा' असा निकाल तिथल्या तिथे लागतो. उरलेल्यांच्या वाट्याला 'थांबा' येतं.

यातलं 'विका' हे उत्तर दिसतं तितकं सरळ नाही. जिथे शोधलं तिथे काही सापडलं नाही, एवढंच ते सांगतं. माणूस खरोखर स्वच्छ असला तरी हेच उत्तर, आणि त्याला झालेली शिक्षा कुणी कळवलीच नसली तरीही हेच उत्तर. यंत्रणेला या दोघांमधला फरक दिसत नाही, आणि कितीही वेगवान संगणक आणला तरी दिसणार नाही.

बंदूक कुणी बाळगू नये, याची यादी १९६८च्या कायद्यात आली. पण ती पडताळून पाहण्याची सोय यायला १९९३चा ब्रेडी कायदा उजाडावा लागला. १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावरच्या हल्ल्यात जबर जखमी झालेले त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांचं नाव त्या कायद्याला आहे. ३० नोव्हेंबर १९९८ रोजी निक्स सुरू झाली. ती एकाच वेळी तीन ठिकाणी शोध घेते: पकड वॉरंट आणि संरक्षण आदेशांची राष्ट्रीय यादी, राज्याराज्यांतल्या गुन्हेगारी इतिहासाची सूची, आणि केवळ बंदूकबंदी लागू असलेल्यांसाठी बनवलेली तिची स्वतःची यादी. तपासणी होते ती परवानाधारक विक्रेत्याकडेच. खाजगी व्यक्तीकडून होणाऱ्या विक्रीला केंद्रीय कायद्याने सरसकट तशी सक्ती केलेली नाही. तो वेगळा वाद आहे. इथे प्रश्न आहे तो तपासणी झाली तरी ती किती खरी, हा.

आधी नाव जुळवण्याचा भाग पाहू. दुकानात बोटांचे ठसे घेत नाहीत. शोध नाव, जन्मतारीख, लिंग अशा तपशिलांवर होतो. नावं तर नाना तऱ्हांनी लिहिली जातात. उच्चारावरून नावांना सांकेतिक क्रमांक देण्याची साउंडेक्स ही पद्धत अमेरिकेतच शोधली गेली आणि १९१८मध्ये तिला पेटंट मिळालं. तिच्यात पहिलं अक्षर तसंच ठेवतात, स्वर गाळतात आणि सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच अंक देतात. त्यामुळे 'रॉबर्ट' आणि 'रूपर्ट' या दोन्ही नावांचा संकेत 'आर-१६३' असा एकच येतो. हे एका परीने उपयोगाचं आहे, कारण लिहिणाऱ्याची चूक पोटात घातली जाते. पण रॉबर्टच्या गुन्ह्यापायी रूपर्टची अडवणूकही होऊ शकते.

या पेचाला गणिती रूप दिलं ते आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर या कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या दोघांनी, १९६९मध्ये. त्यांची कल्पना अशी की प्रत्येक तपशील जुळण्याला सारखं वजन देऊ नये. लिंग जुळणं यात विशेष काही नाही. कोणत्याही दोन अनोळखी माणसांत ते निम्म्या वेळा जुळतंच. जन्माचा दिवस आणि महिना मात्र योगायोगाने ३६५मध्ये एकदाच जुळतो. लॉगरिदमच्या हिशेबाने पहिल्याला १ गुण दिला, तर दुसऱ्याला साधारण साडेआठ मिळतात. दुर्मीळ आडनावाला अर्थातच घाऊक आडनावापेक्षा जास्त. बेरीज एका मर्यादेच्या वर गेली तर माणूस तोच, दुसऱ्या मर्यादेच्या खाली आली तर तो नव्हे, आणि मधल्या पट्ट्यातलं माणसाने डोळ्यांखालून घालायचं. मर्यादा सैल केली की निरपराध अडकतात, आवळली की दोषी निसटतात. नावसाधर्म्यामुळे वारंवार अडवल्या जाणाऱ्यांसाठी निक्सने ऐच्छिक नोंदणी ठेवली आहे. ठसे देऊन आपण तो नव्हे हे सिद्ध केलं की स्वतःचा क्रमांक मिळतो आणि पुढच्या खरेदीला तो सांगता येतो.

हे गणित सुंदर आहे, पण ते चालतं दोन नोंदी समोर असल्या तरच. निक्सची मोठी अपयशं पाहिली तर त्यांत जुळवणीचा दोष जवळपास नाहीच.

व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल २००७ रोजी तिथल्या गोळीबारात ३२ जणांचा बळी गेला. मारेकऱ्यापासून त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका आहे असं विशेष न्यायाधीशाने २००५मध्येच ठरवलं होतं आणि रुग्णालयात दाखल न होता बाहेरून उपचार घेण्याचा आदेश दिला होता. केंद्रीय नियमांनुसार त्याला बंदूक मिळायला नको होती. राज्य मात्र रुग्णालयात दाखल केलेल्यांच्याच नोंदी पाठवत होतं, त्यामुळे ही नोंद निघालीच नाही. त्याने दोन पिस्तुलं दुकानातून, तपासणी पार करून घेतली.

यावर 'मग राज्यांना सक्ती करा' असं सहज सुचतं. पण १९९७मध्ये, मोंटाना राज्यातल्या जे प्रिन्ट्झ नावाच्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं होतं की केंद्र सरकार राज्याच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. तेव्हा उरतं ते आमिष. जानेवारी २००८मध्ये झालेल्या सुधारणा कायद्याने नोंदी देणाऱ्या राज्यांना अनुदान देऊ केलं. शिवाय अट घातली की ज्यांच्यावर मानसिक आरोग्याच्या कारणाने बंदी आली, त्यांना ती उठवून घेण्याचा रस्ताही राज्याने ठेवावा. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. जिच्यातून नाव कधीच निघत नाही ती यादी काही काळाने चुकीची होतेच. याच विषयात वैद्यकीय गुप्ततेची भीती नेहमी पुढे येते. प्रत्यक्षात निक्सकडे रोगाचं नाव किंवा केसपेपर जात नाही. अमुक व्यक्तीवर बंदी आहे एवढंच जातं.

अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या लेखापाल संस्थेने २०१२मध्ये हिशेब मांडला तेव्हा राज्यांनी दिलेल्या मानसिक आरोग्याच्या नोंदी २००४मधल्या सुमारे १,२६,००० वरून २०११मध्ये १२ लाखांवर गेल्या होत्या. आकडा घसघशीत आहे. पण ही वाढ मुख्यतः १२ राज्यांची होती. जवळपास निम्म्या राज्यांनी या काळात शंभरही नव्या नोंदी घातल्या नव्हत्या. सरासरीने सुखावून जाऊ नये ते यासाठी.

नोंद असते पण अपुरी असते, हा दुसरा प्रकार. अटक झाल्याचं नोंदलं जातं, खटल्याचं पुढे काय झालं ते नाही. घरगुती हिंसाचारात तर आणखी गुंता आहे. १९९६च्या दुरुस्तीनुसार पत्नीला किंवा जोडीदाराला मारहाण केल्याबद्दल किरकोळ गुन्ह्यात शिक्षा झाली तरी बंदूक बाळगता येत नाही. पण अनेकदा गुन्ह्याच्या नोंदीत नुसतं 'मारहाण' असतं. मार कुणाला बसला, भांडखोर शेजाऱ्याला की बायकोला, हे कळायला मूळ पोलीस अहवाल मागवावा लागतो. त्यासाठी मुदत आहे कामकाजाचे तीन दिवस. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक विकू शकतो.

साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनमध्ये तेच घडलं. २०१५च्या एप्रिलमध्ये एका तरुणाची तपासणी 'थांबा'वर अडकली, कारण त्याच्या नावावर अमली पदार्थांच्या प्रकरणातली अटक होती. पदार्थ जवळ बाळगल्याची त्याची कबुली कोलंबिया शहर पोलिसांच्या अहवालात होती. नोंदीत मात्र अटक करणारं खातं म्हणून भलत्याच कार्यालयाचं नाव पडलं होतं, आणि एफबीआयच्या तपासनिसाची विचारणा कोलंबिया पोलिसांपर्यंत पोहोचलीच नाही. तीन दिवस उलटले, बंदूक हातात गेली. १७ जूनला तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये त्याच्या हातून नऊ जण मारले गेले.

आता नसलेल्या नोंदी मोजायच्या कशा? टेक्सस राज्यातल्या सदरलँड स्प्रिंग्स इथल्या चर्चमध्ये ५ नोव्हेंबर २०१७ रोजी झालेल्या गोळीबारानंतर याचं एक चांगलं उदाहरण समोर आलं. मारेकऱ्याला कुटुंबातल्यांना मारहाण केल्याबद्दल २०१२मध्ये हवाई दलाच्या लष्करी न्यायालयाने शिक्षा केली होती, पण ठसे आणि निकाल एफबीआयकडे गेले नव्हते. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी महिन्याभरात अहवाल दिला. त्यांनी २०१५ आणि २०१६ मधल्या सर्व सैन्यदलांतल्या २,५०२ दोषींची यादी घेतली आणि एकेक नाव एफबीआयच्या दप्तराशी ताडून पाहिलं. ६०१ जणांचे ठसे नव्हते, ७८० जणांचे अंतिम निकाल नव्हते. म्हणजे जवळपास चौथा आणि तिसरा हिस्सा. हीच ढिलाई त्याच कार्यालयाने १९९७मध्येही दाखवून दिली होती!

ही पद्धत चालते ती मूळ यादी पूर्ण असेल तर. दोन्ही याद्या फाटक्या असतील, तर प्राणीगणनेत वापरतात ती युक्ती कामी येऊ शकते. समजा, पोलिसांकडे ६०० शिक्षा नोंदलेल्या आहेत, कोर्टाकडे ५०० आणि दोन्हींत सामाईक ३००. कोर्टाच्या यादीतल्या पाचापैकी तीन पोलिसांना सापडल्या, म्हणजे पोलिसांची यादी एकूण शिक्षांच्या साठ टक्के धरायची, एकूण १,०००. दोन्ही याद्या मिळून ८०० होतात, तेव्हा २०० शिक्षा कुठेच नाहीत. यात गृहीत धरलंय की दोन्ही कार्यालयं एकमेकांपासून स्वतंत्रपणे चुकतात. एकाच कारकुनाच्या हातून दोन्हीकडची नोंद निसटत असेल, तर खरा आकडा २००पेक्षा मोठा असणार.

मार्च २०१८च्या 'फिक्स निक्स' कायद्याने केंद्रीय खात्यांना दर सहा महिन्यांनी नोंदी पाठवल्याचं प्रमाणित करायला लावलं आणि राज्यांना सुधारणेचे आराखडे करायला सांगितलं. जून २०२२च्या कायद्याने २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकांसाठी आणखी एक पायरी घातली: राज्याच्या बाल-गुन्हे दप्तराकडे, मानसिक आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडे आणि स्थानिक पोलिसांकडे थेट विचारणा, आणि काही संशयास्पद आढळलं तर तीनऐवजी दहा कामकाजी दिवस. संगणकाच्या युगात ही उलटी चाल वाटेल, पण बालवयातल्या अनेक नोंदी राष्ट्रीय सूचीत नसतातच, आणि त्या द्यायच्या की नाही, याचे नियम राज्यागणिक बदलतात. विचारणेला उत्तर आलं नाही, तर इथेही घड्याळ चालूच राहतं.