सीमांत खर्चाचा विचार : बटाट्याच्या शेतापासून कापसाच्या फरदडीपर्यंत

उत्पादन आणखी थोडे वाढवल्याने जो जादा खर्च येतो तो सीमांत खर्च आणि त्यातून हाती येणारा जादा पैसा ही सीमांत प्राप्ती. प्राप्ती खर्चाहून अधिक असेपर्यंत उत्पादन वाढवावे आणि दोन्ही सारखे झाले की थांबावे, असा अर्थशास्त्राचा नियम आहे. तो कारखान्यांच्या संदर्भात शिकवला जातो, परंतु त्याची एक जुनी आणि स्पष्ट मांडणी शेतातच झाली.

जर्मनीतील मेक्लेनबुर्गमध्ये टेलो येथे योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन यांची शेती होती आणि तिचा जमाखर्च ते काटेकोरपणे ठेवत. बटाटे काढताना मजूर वाढवले तर जमिनीत राहून जाणारे बटाटेही हाती येतात, मात्र प्रत्येक नव्या मजुरामागे मिळणारी भर कमी होत जाते. म्हणून शेवटच्या मजुराने वेचलेल्या मालाची किंमत त्याच्या मजुरीइतकी होईल तिथेच थांबावे, असे त्यांनी १८५० साली मांडले. त्याआधी १८३८ मध्ये फ्रान्समध्ये कूर्नो यांनी हेच तत्त्व मक्तेदार उत्पादकासाठी गणिताने सिद्ध केले होते. १८७१ मध्ये जेव्हन्स आणि मेंगर यांनी लाभाच्या बाजूचा विचार पुढे नेला, तर मार्शल यांनी १८९० मध्ये खर्च आणि मागणी या दोन्ही बाजू एकत्र बांधल्या.

जालना, परभणी, बीड या भागांतील कापूस उत्पादकाला थ्यूनेन यांचा हिशेब परका वाटणार नाही. पहिल्या वेचण्यांत बोंडे भरभरून फुटलेली असतात. पुढे ती विरळ होतात, दिवसाकाठी वेचला जाणारा कापूस घटतो आणि किलोमागे वेचणीची मजुरी चढते. शेवटची वेचणी करावी की पऱ्हाटी उपटावी हे ठरवताना बियाणे, खत आणि फवारणी यांवर झालेला खर्च मध्ये आणणे चुकीचेच आहे, कारण तो वेचणी केली तरी आणि न केली तरी परत येणार नाही. हमीभावाच्या चर्चेत क्विंटलमागचा सरासरी उत्पादन खर्च धरला जातो तो योग्यच आहे, परंतु तो पीक एकंदरीत परवडले का, या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच कापसाचे पीक राखून पुन्हा बोंडे घेण्यात, हिशेब आणखी गुंततो. पाणी देऊन कापूस पुढे राखला तर त्याच रानात आणि त्याच पाण्यावर येऊ शकणारा हरभरा सोडावा लागतो, म्हणजे त्याचे उत्पन्नही सीमांत खर्चात धरले पाहिजे. शिवाय उभ्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते आणि पुढच्या हंगामात ती शेजाऱ्याच्या रानातही उतरते. २०१७ मध्ये या अळीने महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान केले. एकाच्या निर्णयाचा दुसऱ्यावर पडणारा असा खर्च सीमांत हिशेबात धरण्याची पद्धतशीर मांडणी पिगू यांनी १९२० साली केली. फरदड घेऊ नये, हा कृषी विभागाचा सल्ला या हिशेबाला धरूनच आहे, कारण शेजाऱ्याचे नुकसान फरदड राखणाऱ्याच्या वहीत कुठेच लिहिले जात नाही.