साडेसात मिनिटांचं आयुष्य

अनंत चतुर्दशीला अलका टॉकीजच्या चौकात एका ढोलपथकाचे फोटो काढत होतो. वर उचललेलं टिपरू, हवेत गुलाल, मागे मंडळाचा रथ, सगळं जुळून आलेलं. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पाहिलं तर फोटोचा खालचा तिसरा हिस्सा काळाकुट्ट. वादकाला कंबरेखाली शरीरच नाही. कार्ड बदललं, बॅटरी काढून पुन्हा घातली, लेन्ससुद्धा बदलून पाहिली. तीही त्या गर्दीत आणि गुलालात! पुढच्या दहा-बारा फोटोंची तीच गत झाली, मग एरर आला, आणि शेवटी बटण दाबलं की आतून नुसती गुरगुर.

दोन दिवसांनी कॅमेरा घेऊन बुधवार पेठेत तापकीर गल्लीजवळच्या एका कारागिराकडे गेलो. पोचलो सव्वा वाजता, म्हणजे दुकानाचंही शटर खाली. चारला परत गेलो. काकांनी लेन्स काढली, बॅटरीच्या उजेडात आत डोकावून पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "किती क्लिक झालेत?"

"अडुसष्ट हजार. कंपनी तर शटर एक लाख क्लिक टिकतं म्हणते."

काका काही बोलले नाहीत. काउंटरवरचा दुसरा एक कॅमेरा त्यांनी माझ्याकडे सरकवला. कडांचा रंग उडून खालचा धातू दिसत होता, पकडीचं रबर सुटून परत चिकटवलेलं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाचा तरी होता आणि फक्त बटण बदलायला आला होता. "दोन लाख साठ हजार," काका म्हणाले. "शटर मूळचंच."

आता या हिशेबाचं काय करायचं?

आधी शटर म्हणजे नेमकं काय ते पाहू. दुकानाचं शटर गुंडाळलं जातं, कॅमेऱ्यातलं गुंडाळलं जात नाही. उजेड टिपणाऱ्या सेन्सरच्या अगदी पुढ्यात एक चौकट असते आणि तिच्यात दोन पडदे. प्रत्येक पडदा म्हणजे तीन-चार पातळ पात्यांचा संच. मिटला की पत्त्यांच्या कॅटसारखा एकावर एक बसतो, उघडला की सगळी खिडकी झाकतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, पहिला पडदा आधीपासून सेन्सर झाकून उभा असतो. बटण दाबलं की तो खाली धावतो आणि उजेड आत येतो. ठरलेला वेळ गेला की वरून दुसरा पडदा धावत येऊन खिडकी बंद करतो. पडदे दोन असण्याचं कारण सोपं आहे. एकच पडदा खाली जाऊन वर आला असता, तर खिडकीचा जो भाग आधी उघडला तोच शेवटी झाकला गेला असता आणि अर्धा फोटो उजळ, अर्धा अंधारा निघाला असता. दोघं एकाच दिशेने धावले की प्रत्येक भागाला सारखाच उजेड मिळतो.

ही धाव किती वेगाची असते? मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यात सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. चांगल्या कॅमेऱ्यात पडदा ती साधारण ३ मिलिसेकंदांत पार करतो. म्हणजे सेकंदाला ८ मीटर, ताशी २९ किलोमीटर. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर कुठलीही गाडी या वेगाने जात नाही. फ्लॅश वापरताना १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या पुढे जाऊ नका असं सांगतात, त्याचं मूळही इथेच आहे. तिथपर्यंत निदान क्षणभर तरी पूर्ण खिडकी उघडी असते. त्याहून कमी वेळ ठेवला तर पहिला पडदा खाली पोचायच्या आतच दुसऱ्याला निघावं लागतं, आणि सेन्सरवरून सरकते ती दोन पडद्यांमधली फट. १/८००० सेकंदाला ही फट जेमतेम १ मिलिमीटरची असते. फ्लॅश त्या वेळात उडाला तर त्याचा उजेड तेवढ्याच फटीतून आत येणार.

हे दोन्ही पडदे स्प्रिंगच्या जोरावर धावतात. छोटी मोटर स्प्रिंग ताणून ठेवते, विद्युतचुंबक पडद्यांना धरून ठेवतात. फोटोच्या क्षणी चुंबकाचा प्रवाह तोडला जातो आणि पडदा सुटतो. सुटणं सोपं आहे, खरा त्रास थांबण्याचा. ताशी २९ किलोमीटरने आलेल्या पात्याला ३ मिलिमीटरच्या आत थांबायचं आहे असं धरलं, तर त्याला सोसावा लागणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट भरतो. तो झटका कमी करायला आत रबराचे इवलेसे ठोकळे असतात. रबर कडक झालं किंवा झिजलं की पातं आपटून मागे उसळतं.

मग १ लाख, दीड लाख हे आकडे कुठून येतात? कंपन्या शटर यंत्रावर बसवून पुन्हा पुन्हा चालवतात आणि त्यावरून आकडा जाहीर करतात. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरना तो बहुधा १ लाखाच्या आसपास असतो. निकॉन डी७२००, कॅनन ५डी मार्क ४ यांना दीड लाख, निकॉन डी८५० ला २ लाख, निकॉन डी५ ला ४ लाख, कॅनन १डी एक्स मार्क ३ ला ५ लाख. महागड्या कॅमेऱ्यात पैसे कशाचे जातात, त्याचं हे एक उत्तर.

पण धाव आहे ३ मिलिसेकंदांची. दीड लाख वेळा ३ मिलिसेकंद म्हणजे ४५० सेकंद. साडेसात मिनिटं! दहा वर्षं गळ्यात मिरवलेल्या कॅमेऱ्यातला पडदा फोटोसाठी उभ्या आयुष्यात एकूण धावतो तो एवढाच. बाकी सगळा काळ ताणलेल्या स्प्रिंगच्या टोकाशी उभं राहणं. आपल्या हृदयाच्या झडपा मिनिटाला ७२ ठोक्यांच्या हिशेबाने दिवसाला १ लाखावर वेळा उघडमीट करतात, आणि शटरला मात्र १ लाखात म्हातारं म्हणतात. तुलना अन्यायाची आहे हे मान्य. हृदय स्वतःची दुरुस्ती करत राहतं, अॅल्युमिनियमच्या पात्याला ते जमत नाही.

धातू का थकतो हे स्कूटर चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. क्लचची वायर एका दिवसात तुटत नाही. आतला एक तंतू जातो, मग दुसरा, क्लच जरा जड लागायला लागतो, आणि एके दिवशी नेमक्या सिग्नलला ती तुटते. शेवटच्या दिवशी आपण काही जास्त जोराने दाबलेलं नसतं. एका झटक्यात तोडायला लागेल त्याहून कितीतरी कमी ताण पुन्हा पुन्हा दिला तरी धातू तुटतो, हे १९ व्या शतकात जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं. शटरच्या स्प्रिंगा, पात्यांच्या खिळी, दातेरी चाकं, सगळ्यांना हाच नियम लागू.

म्हणून शटरची माणसं वेगवेगळी मटेरियल आजमावत आली. जुन्या लायका कॅमेऱ्यांत रबर चढवलेल्या कापडाचे पडदे असत. लेन्स सूर्याकडे करून कॅमेरा ठेवला तर त्या कापडाला भोकं पडत. शाळेत भिंगाने कागद जाळला असेल त्याला हे कळेल. १९८२ च्या निकॉन एफएम२ ने टायटॅनियमची पाती वापरली आणि १/४००० सेकंद गाठला. हल्ली अॅल्युमिनियम असतं, किंवा कार्बन फायबर मिसळलेली पाती. जितकं हलकं, तितका थांबतानाचा झटका कमी.

आता माझे ६८ हजार आणि त्या लग्नवाल्याचे २ लाख ६० हजार. एकसारखी यंत्रं कधी बिघडतात याचा आलेख अभियंते काढतात, आणि त्याचा आकार आपल्या परातीसारखा येतो. सुरुवातीची कड उंच, कारण काही नग मुळातच कच्चे निघतात आणि लवकर जातात. मग लांब सपाट बूड, जिथे बिघाड होतो तो क्वचित आणि अवचित. शेवटी पुन्हा कड चढते, ती झिजेची. कंपनीचा आकडा ही दुसरी कड साधारण कुठे चढू लागते त्याचा अंदाज आहे. दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखा तो वाचायचा नसतो. १ लाख १ वा फोटो काढताना काही होत नाही, आणि ९० हजारांपर्यंत काही होणार नाही अशी हमीही कोणी देत नाही.

जुना कॅमेरा घेताना मात्र सगळे क्लिकच विचारतात, जुन्या स्कूटरच्या किलोमीटरसारखे. "डॉक्टरांनी वापरलेली" गाडी जशी विकली जाते, तसा "फक्त घरगुती फोटोंसाठी वापरलेला" कॅमेरा. निकॉनच्या फोटोची फाइल उघडली तर तिच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या नोंदींत, बहुधा हा आकडा सापडतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो फोटोत नसतो, कॅमेरा केबलने जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. आकडा विचारा, जरूर विचारा, पण कशाने झाला तेही विचारा. कवडीपाटला पहाटे नदीकाठी बसणारा पक्षीवेडा घ्या. सेकंदाला १० फोटोंचा बर्स्ट, बगळा उडाला की ६० फोटो. एका सकाळी २ हजार धरले तर ५० रविवारांत १ लाख. शहाणी माणसं यातले चाळीस ठेवतात, बाकीची हार्ड डिस्क घेतात. एकेक फोटो जोडून चित्रफीत करणाऱ्या टाइमलॅप्सवाल्यांचं तर विचारूच नका, एका मिनिटाच्या चित्रफितीला १,५०० फोटो लागतात. उलट व्हिडिओ तासभर चालला तरी शटर एकदाच उघडून बसतं.

मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, हिशेब जरा उलटा आहे. तिथे सेन्सरला सतत पाहावं लागतं, म्हणून खिडकी एरवी उघडीच असते. पूर्ण यांत्रिक पद्धतीने फोटो काढायचा तर पडदा आधी बंद होतो, मग उघडतो, मग बंद, मग पुन्हा उघडा. हे टाळायला पहिल्या पडद्याचं काम सेन्सरकडेच देण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. सेन्सर ओळीमागून ओळ सुरू होतो, धावतो फक्त दुसरा पडदा. धाव कमी, हादराही कमी.

दोन्ही पडदे काढून टाकले तर? २०२१ चा निकॉन झेड९ तेच करतो, त्यात यांत्रिक शटरच नाही. हे आधी नीट जमत नव्हतं, कारण सेन्सर संथ होते. कितीतरी फुल फ्रेम सेन्सरना सगळ्या ओळी वाचायला १/१५ ते १/३० सेकंद लागतो. तेवढ्यात पंख्याची पाती केळ्यासारखी वाकतात आणि मांडवातल्या एलईडी दिव्यांचे फोटोभर पट्टे उमटतात. यांत्रिक पडदा तेच काम ३ मिलिसेकंदांत करत होता, म्हणून इतकी वर्षं टिकला. झेड९ चा सेन्सर त्याच्या जवळपास पोचला. त्यानंतर २०२३ साली जाहीर झालेल्या सोनी ए९ ३ मध्ये सेन्सरच्या सगळ्या ओळी एकाच क्षणी उजेड टिपतात, फटीची भानगडच संपली.

माझ्या कॅमेऱ्याकडे वळतो. काकांनी तो उघडला. शटरचा अख्खा भाग काड्यापेटीपेक्षा फार मोठा नव्हता. चिमट्याने त्यांनी एक पातं वर उचलून दाखवलं. दुसऱ्या पडद्याचं ते पातं एका टोकाला खिळीतून निसटून खिडकीच्या वरच्या भागात लोंबत होतं. लेन्स चित्र उलटं पाडते, म्हणून वरच्या पात्याने खालचा वादक खाल्ला. पात्यांच्या बेचक्यांत बारीक गुलाबी थर होता.

"हा गेल्या वर्षीचा की यंदाचा?" काकांनी विचारलं.

मी गप्प. मग त्यांनी पात्याच्या मधोमध पडलेली मुरड दाखवली. "आणि ही गुलालाने पडत नाही. आत काय घातलंत?"

गेल्या वर्षी सेन्सर साफ करताना हवेच्या पंपाचं टोक आत टेकलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. हातात धरलं तर ते पातं कागदाइतकं हलकं लागतं. मुरड पडली की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की खिळीवर ताण, आणि पुढचं काम क्लचच्या वायरीचं. अडुसष्ट हजार क्लिकनी बिचाऱ्याचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं.

जाता जाता त्यांनी एक तपासणी शिकवली. पांढऱ्या भिंतीचे किंवा निरभ्र आकाशाचे दोन फोटो काढायचे, एक १/२५० ला, एक १/४००० ला, उजेड सारखा येईल असं लेन्सचं छिद्र जमवून. दुसऱ्या फोटोची एक बाजू काळवंडलेली दिसली तर दोन्ही पडद्यांची चाल जुळत नाही, शटर म्हातारं व्हायला लागलंय. जुना कॅमेरा घेताना विकणाऱ्यासमोर हे करून पाहायला दोन मिनिटं पुरतात.

नवीन शटर बसवायला कॅमेऱ्याच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या जवळपास निम्मे पैसे गेले. घरी येऊन आकडा पाहिला तर तो अडुसष्ट हजारांच्या पुढेच चालू. फोन करून म्हटलं, "काका, शटर नवं आहे, काउंटर शून्यावर आणायचा राहिला. विकताना गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"विकताय कशाला?" म्हणाले आणि ठेवला फोन. एक वाजत आला होता.