बांधावरची सायकल: हॉलंडच्या पाणथळ वाटा कुठून आल्या

हॉलंडच्या सखल, पाणथळ मुलखात सायकलवरून फिरताना गावाचं नाव शोधायचं नसतं, आकडा शोधायचा असतो. पांढऱ्या पाटीवर हिरव्या अक्षरांत ३४, शेजारी बाण. ३४ला पोचलं की तिथून ६१कडे आणि १८कडे जाणारे पुढचे बाण. सकाळी निघताना चिठ्ठीवर ३४-६१-६२-१८ लिहून ती हँडलला चिकटवायची. दिवसभर नकाशा उघडावा लागत नाही, आणि वाटेतल्या गावांची नावं उच्चारायची वेळही येत नाही, हा मराठी जिभेला वरचा फायदा.

ही सोय जेमतेम तीस वर्षांची. ज्या वाटांवर या पाट्या उभ्या आहेत, त्यांतल्या कित्येक मात्र शेकडो वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि सायकलसाठी म्हणून त्या कुणी बांधलेल्या नाहीत.

सुरुवात चिखलापासून होते. पश्चिम हॉलंड म्हणजे पूर्वी कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, पीटची दलदल. अकराव्या शतकापासून शेतकऱ्यांनी तिच्यात समांतर चर खणायला घेतले, पाणी नदीत सोडलं आणि धान्य पेरलं. पण पीट म्हणजे भिजलेला स्पंज. पाणी गेलं की तो आकसतो, हवा लागली की कुजतो. जमीन बसत गेली आणि दोनतीनशे वर्षांत शेत खाली, नदी वर अशी अवस्था झाली. मग बांध आले. बांध आला की त्याची राखण कोण करणार हा प्रश्न आला, आणि त्यातून पाणी मंडळं जन्मली. लायडनच्या परिसरातल्या ऱ्हाइनलँड मंडळाचा इतिहास १२५५ पर्यंत मागे जातो. ते आजही चालू आहे, आणि अशा मंडळांच्या निवडणुका तिथे अजून होतात.

रायगडातली खारबंदिस्ती, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणारे बांध, पाहिलेल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. बांध, बांधात उघाडी म्हणजे पाण्याचं दार, ओहोटीला पाणी बाहेर सोडायचं, भरतीला आत येऊ द्यायचं नाही, आणि बांध फुटून खांड गेली की सगळ्या गावाने धावायचं. गोव्याच्या खाजणात त्याच उघाडीला मानस म्हणतात. हॉलंडची गोची एवढीच की जमीन इतकी खाली बसली की ओहोटीच्या भरवशावर पाणी बाहेर जाईना. पंधराव्या शतकापासून ते पवनचक्क्यांनी उपसावं लागलं. किंडरडाइकला आज पर्यटक ज्या १९ चक्क्यांचे फोटो काढतात, त्या पाणी उपसण्यासाठीच उभारल्या होत्या. बहुतेक १७४०च्या आसपासच्या आहेत.

सायकलस्वाराला या सगळ्याचा थेट उपयोग आहे. वाटेच्या आकारावरून जमिनीचं वय सांगता येतं. बांध सापासारखा वळवळत चालला असेल तर तो जुना. नदीच्या किंवा बुजलेल्या ओढ्याच्या काठाने घातलेला. वाट पट्टीने आखल्यासारखी सरळ आणि चौक काटकोनात असतील तर समजायचं की हे कुणीतरी भांडवल घालून कोरडं केलेलं तळं आहे.

बेमस्टर हे त्याचं नमुनेदार उदाहरण. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला असलेलं हे तळं कोरडं करायची योजना १६०७ साली व्यापाऱ्यांनी आखली. १६१० मध्ये वादळात बांध फुटून काम पाण्यात गेलं, अगदी शब्दशः. १६१२ साली चाळीसहून अधिक पवनचक्क्यांच्या जोरावर तळ उघडा पडला. चक्क्या उभारणाऱ्यांत डी राइप गावचा यान आद्रियान्सझोन होता. त्याने आडनाव घेतलं लेखवाटर, म्हणजे ‘रिकामं पाणी’. पैसा लावणाऱ्यांतला एक प्रमुख होता डिर्क फान ऑस. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांपैकी तो एक. १६०२ साली कंपनीचे शेअर घ्यायला लोक त्याच्या घरी आले होते. याच कंपनीने पुढे १६३७ साली वेंगुर्ल्यात ठाणं मांडलं. तिथली पडकी डच वखार पाहिलेल्या माणसाने बेमस्टरच्या सरळसोट रस्त्यावरून सायकल हाकली, तर एकाच तिजोरीची दोन टोकं पाहिल्यासारखं होतं.

दुसरा वारसा घोड्यांचा. १६३२ मध्ये ॲमस्टरडॅम ते हार्लेम असा प्रवासी कालवा सुरू झाला. बोट पाण्यात, तिला दोर बांधलेला, दोर काठावरच्या घोड्याला, घोड्यावर एक पोर. वेग तासाला सातेक किलोमीटर, पण सुटायची वेळ ठरलेली, आणि त्या काळात हे अप्रूप होतं. काही दशकांत अशा कालव्यांचं जाळं ६०० किलोमीटरांच्या पुढे गेलं. घोड्यासाठी काठाने सलग, सपाट, झाडझाडोरा नसलेली वाट लागायची. नाहीतर दोर अडकायचा. १८३९ मध्ये देशातली पहिली आगगाडी धावली तीही ॲमस्टरडॅम ते हार्लेमच. बोटी हळूहळू बंद पडल्या, वाटा उरल्या. सपाट, सलग आणि गावाहून गावाला जाणारी वाट यापेक्षा सायकलला आणखी काय हवं असतं?

सायकल आल्यावर तिच्या मालकांनी संघटना काढली. १८८३ साली उट्रेख्टमध्ये स्थापन झालेली ही संघटना पुढे एएनडब्ल्यूबी म्हणून ओळखली जाऊ लागली; यातला डब्ल्यू म्हणजे ‘सायकलस्वार’. तेव्हा सायकल ही पैसेवाल्यांची चैन होती आणि सभासदांना सहलीला जाताना रस्ता चुकायचा नव्हता. म्हणून १८९४ पासून संघटनेने स्वतःच दिशादर्शक खांब रोवले. १९१९ साली बार्नजवळ पहिला ‘पॅडस्टूल’ बसला. शब्दाचा अर्थ अळंबी. गुडघ्याएवढा ठेंगणा दिशादर्शक, वरच्या उतरत्या कडांवर गावांची नावं आणि अंतरं. वाचायला सायकल थांबवून वाकावं लागतं. आकड्यांच्या पाट्या झाल्या तरी या अळंब्या अजून जागोजाग उभ्या आहेत. आज हीच संघटना बंद पडलेल्या मोटारींना मदत पोचवण्यासाठी ओळखली जाते, हा तिच्या नावातल्या ‘सायकलस्वार’ या शब्दावर काळाने उगवलेला सूडच.

मधला काळ सायकलला फारसा बरा नव्हता. १९२४ पासून सायकलवर कर होता, त्याचा पितळी बिल्ला सायकलला लावावा लागे, आणि तो पैसा रस्त्यांना जाई. युद्धानंतर मोटारी वाढल्या, अपघातही वाढले. १९७३च्या तेलटंचाईत मोटारबंदीचे रविवार आले, मुलांच्या अपघाती मृत्यूंविरुद्ध आंदोलन पेटलं आणि सरकारचं लक्ष पुन्हा सायकलकडे वळलं. शहरांची ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, म्हणून इथे लांबवत नाही. ग्रामीण वाटांसाठी महत्त्वाचं साल १९८७. त्या वर्षी राष्ट्रीय सायकल मंच स्थापन झाला आणि देशभर लांब पल्ल्याचे मार्ग आखले जाऊ लागले.

आणि आकडे? ते पाण्यातून आले नाहीत, कोळशाच्या खाणीतून आले. शेजारच्या बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांतात खाणी बंद पडत होत्या; शेवटची १९९२ मध्ये. तिथले खाण अभियंते ह्युगो बोलेन यांना जमिनीखालच्या बोगद्यांचे फाटे क्रमांकाने ओळखायची सवय होती. तीच पद्धत त्यांनी वरच्या वाटांना लावली: प्रत्येक फाट्याला आकडा, मग कुठून कुठे जायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. १९९५ मध्ये लिम्बुर्खमध्ये पहिलं जाळं खुलं झालं आणि काही वर्षांत ते सीमा ओलांडून नेदरलँड्समध्ये पसरलं. त्याआधीचे मार्ग ठरावीक गोल फेरीचे असत, निम्म्यात कंटाळा आला तरी पूर्ण करावे लागत. आता वारा समोरून लागला की पुढच्या फाट्यावर वळता येतं. चढ नसलेल्या देशात वारा हाच घाट असतो, त्यामुळे ही सवलत मोठी आहे.

एक दृश्य मात्र पाटीवर येत नाही. हार्लेमरमेर हे १८,००० हेक्टरांचं तळं १८५२ साली वाफेच्या पंपांनी कोरडं झालं. स्कीपोल विमानतळ त्याच्याच तळावर आहे. भोवतीने साठेक किलोमीटरचा कालवा आहे आणि त्याच्या काठाने सायकलने पूर्ण फेरी मारता येते. आतल्या बाजूला खालच्या रस्त्यावर उतरून वर पाहिलं की शेताच्या वरून, डोक्याहून उंच, एक बोट शांतपणे सरकत जाताना दिसते.

पीट मात्र अजून बसतोच आहे. गाउडाच्या आसपासचे रस्ते काही वर्षांत लाटांसारखे होतात, कडा खचतात, पुन्हा उचलावे लागतात. भर म्हणून वाळू टाकावी तर तिच्याच वजनाने जमीन आणखी बसते. म्हणून काही ठिकाणी आता डांबराखाली पांढरे हलके ठोकळे रचतात. नव्या टीव्हीच्या खोक्यात असतो ना, तोच थर्माकोल.