डब्याची कड आणि दातेरी चाक

पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली निघालं आणि तो डबा उघडायचं खास हत्यार यायला १८५५ उजाडलं. मधली पंचेचाळीस वर्षं माणसं काय झोपली होती, असं म्हणून या गोष्टीवर हमखास हशा पिकतो. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. त्या काळच्या डब्याची घडण पाहिली, तर त्याला आजचा कॅन ओपनर कुणी नेऊन दिला असता तरी तो तिथे निकामी ठरला असता. कारण ओपनर ज्याला धरून चालतो, ती कडच त्या डब्याला नव्हती.

फ्रान्सच्या निकोला आपेरने काचेच्या बरण्यांत अन्न भरून, बुचं घट्ट बसवून, त्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून अन्न टिकवून दाखवलं. फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. १८१० मध्ये पीटर ड्युरँडने इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, त्यात कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचाही समावेश होता. कथील तेच, जे आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना लावतात. ब्रायन डाँकिन आणि जॉन हॉल यांनी लंडनच्या बर्मंडसी भागात कारखाना काढला आणि १८१३ च्या सुमारास त्यांचे डबे ब्रिटिश आरमाराकडे जाऊ लागले.

हे डबे हाताने कापून, वाकवून, डाख देऊन जोडलेले असत. पत्रा जाड, जोड ओबडधोबड. १८२४ साली विल्यम पॅरीच्या आर्क्टिक मोहिमेवर गेलेल्या वासराच्या मांसाच्या एका डब्यावर सूचना होती, की छिन्नी-हातोडी घेऊन वरच्या बाजूला बाहेरच्या कडेजवळून गोल कापावं. सैनिक संगिनी वापरत, नाहीतर दगड.

त्या सूचनेतला ‘कडेजवळून’ हा भाग मात्र अगदी बरोबर होता. झाकणाच्या मधोमध दाब दिला तर पत्रा आधी खाली दबतो. तुमच्या जोरातला मोठा वाटा पत्रा वाकवण्यात जातो, कापण्यासाठी थोडाच उरतो. कडेला तसं होत नाही. तिथे डब्याची उभी भिंत खाली खंबीर उभी असते, पत्र्याला दबायला जागाच नसते, त्यामुळे जोर सगळा एका रेषेवर उतरतो आणि पत्रा कातरला जातो. पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक ओपनरने हीच जागा धरली आहे. फरक पडला तो आधार कुठे घ्यायचा यात.

रॉबर्ट येट्सचं १८५५ चं इंग्लिश हत्यार म्हणजे एक टोकदार नखी आणि तिला दांडा. टोक झाकणात खुपसायचं, दांडा खालीवर हलवत पुढे सरकायचं. अमेरिकेत कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या एझ्रा वॉर्नरने १८५८ मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या हत्यारात संगिनीसारखं एक पातं झाकण फोडायला आणि विळ्यासारखं वाकडं दुसरं पातं कापत जायला. पहिलं पातं प्रमाणाबाहेर आत घुसू नये म्हणून एक अडसर होता. अमेरिकी यादवी युद्धात हे हत्यार वापरलं गेलं, पण घरात ते ठेवायला लोक कचरत. कित्येक ठिकाणी वाणीच गिऱ्हाइकाला डबा फोडून देई. आपल्याकडे तेलाचा पंधरा किलोचा डबा दुकानदार फोडून देतो तेव्हा वेगळं काही होत नाही.

या तरफेच्या ओपनरची खोड अशी, की दर खेपेला टोक नव्याने पत्र्यात घुसतं. प्रत्येक ठोशाच्या मध्ये पत्र्याचा एक तिरका दात उभा राहतो. लाकडी मुठीच्या साध्या ओपनरने मिल्कमेडचा डबा उघडलेल्या कुणालाही तो करवतीसारखा काठ आठवत असेल. शिवाय प्रत्येक ठोशाला जोर नव्याने लावावा लागतो.

यावर चाक हा उपाय सुचला तो कनेटिकटच्याच मेरिडनमधल्या विल्यम लायमनला. १८७० च्या त्याच्या पेटंटमध्ये झाकणाच्या मध्यात एक खिळा रुतवायचा आणि त्याच्याभोवती ठरावीक अंतरावर धारदार चाती फिरवायची, अशी योजना आहे. कल्पना मोठी होती, कारण गोल चातीची धार पत्र्यावर लोळत पुढे जाते. कापण्याची क्रिया ठोशाठोशाने न होता अखंड होते. पण केंद्र अचूक साधायचं, डबा बदलला की अंतर बदलायचं, ही कटकट होती. लायमनला केंद्रात खिळा का ठोकावा लागला? कारण चातीला वाट दाखवायला दुसरं काही नव्हतं. त्या काळच्या डब्याच्या कडेवर भरवसा ठेवून चालता येईल अशी एकसारखी धावपट्टी अजून बनायची होती.

ती बनली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. डाख देऊन झाकण चिकटवण्याऐवजी झाकणाचा काठ आणि डब्याच्या भिंतीचा वरचा काठ एकमेकांत अडकवून, दोनदा दुमडून, दाबून बसवण्याची पद्धत अमेरिकेत कारखान्यांनी उचलली. याला डबल सीम म्हणतात. आज तुमच्या हातात येणारा आमरसाचा, रसगुल्ल्यांचा किंवा मक्याच्या दाण्यांचा डबा असाच बंद केलेला असतो. ती कड आडवी कापून पाहिली तर पत्र्याचे पाच थर दिसतात, तीन झाकणाचे आणि दोन भिंतीचे, मध्ये रबरासारख्या लेपाची पातळ रेघ. बाकी डब्याचा पत्रा जेमतेम ०.२ मिलिमीटर. म्हणजे अख्ख्या डब्यात सगळ्यात मजबूत जागा म्हणजे ही कड, आणि तिला चिकटून आतल्या बाजूला एकेरी पत्र्याचं झाकण. मजबूत भागाला धरा, पातळ भाग कापा. ओपनर बनवणाऱ्याला आणखी काय हवं?

१९२५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टार कंपनीच्या ओपनरमध्ये दुसरं, दातेरी चाक आलं. १९३१ मध्ये चार्ल्स आर्थर बंकर यांना मिळालेल्या पेटंटमध्ये त्याच्या जोडीला दोन लांब दांडे दिसतात. स्वयंपाकघरातला आजचा ओपनर मुळात हाच आहे. नवीन म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक ओपनरांमध्ये फक्त प्लॅस्टिकच्या मुठी नव्या असतात.

आता तो हातात घेऊन बघा. दांडे उघडले की कापणारी चाती आणि दातेरी चाक एकमेकांपासून लांब जातात. कड मधल्या फटीत बसवायची आणि दांडे मिटायचे. दातेरी चाक बाहेरून कडेच्या खाली जाऊन बसतं, चाती कडेच्या आतल्या बाजूने झाकणावर उतरते. इथे एक बारीक करामत आहे. दोन्ही दांडे ज्या खिळीवर फिरतात ती खिळ आणि चाकाचा आस एका रेषेत ठेवलेले नसतात, त्यांच्यात साधारण सेंटिमीटरभर अंतर असतं. दांडे मिटताना हे अंतर चाकाला चातीकडे ढकलतं. तुमची मूठ खिळीपासून आठ-दहा सेंटिमीटरवर असते, म्हणून चाकाला मिळणारा जोर मुठीच्या जोराच्या आठ-दहा पट.

हिशेब करून पाहू. समजा तुम्ही दहा किलो वजनाइतक्या जोराने दांडे दाबले. तरफेमुळे चातीवर ८० किलोच्या आसपास येतात. चातीची धार ०.१ मिलिमीटर रुंद आणि ती पत्र्याला चारेक मिलिमीटर लांबीत टेकलेली धरली, तर हा सगळा भार ०.४ चौरस मिलिमीटरवर पडतो. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २०० किलो. डब्याचा पोलादी पत्रा साधारण चाळीसेक किलोला हार मानतो. आकडे ढोबळ आहेत, धार बोथट झाली की ते झपाट्याने घसरतात, पण फरक एवढा मोठा आहे की आजीच्या हातालाही तो डबा अडत नाही. आवाज येतो तो ‘फस्स’. डबा गरम असताना बंद केलेला असतो, थंड झाल्यावर आतला दाब कमी होतो आणि पहिलं भोक पडताच बाहेरची हवा आत शिरते. आतून बाहेर जोराने काही उसळलं किंवा झाकण आधीच फुगलेलं दिसलं, तर तो डबा चाखून बघायच्याही भानगडीत पडू नका. सरळ टाकून द्या.

भोक पडलं की दुसरं काम सुरू होतं, कडेवरून पुढे सरकण्याचं. दातेरी चाक फिरवणाऱ्या चावीची पाकळी तिच्या आसापासून साधारण तीन सेंटिमीटर लांब, दातेरी चाकाची त्रिज्या सहा मिलिमीटर. म्हणजे बोटांनी लावलेला जोर कडेशी पाच पटींनी पोचतो. फुकट मात्र काही मिळत नाही, जोर पाच पट तर अंतर पाचव्या हिश्शाने. आमरसाच्या ८५० ग्रॅमच्या डब्याचा व्यास दहा सेंटिमीटर, परीघ ३१ सेंटिमीटरच्या वर. चाकाचा परीघ पावणेचार सेंटिमीटर. म्हणजे चावीचे आठ-साडेआठ फेरे. मनगट एका दमात अर्धाच फेरा देतं, म्हणून सोळा-सतरा पिळांनंतर झाकण सुटं होतं. डावखुऱ्यांना हे पीळ उलट्या हाताने द्यावे लागतात, कारण चावी कायम उजव्या हाताच्या बाजूला. त्यांच्यासाठी वेगळे ओपनर मिळतात, पण दुकानात क्वचितच.

चाकाचे दात कडेला खालून चावून धरतात आणि पुढे खेचतात. साध्या ओपनरमध्ये चाती मोकळी असते, पत्रा सरकेल तशी ती आपोआप फिरते. जरा बऱ्या ओपनरमध्ये दोन्हींच्या मागे एकसारखे छोटे गिअर बसवलेले असतात. एक उजवीकडे फिरला की दुसरा डावीकडे. रसवंतीतल्या चरकाचे दोन लाट जसे ऊस आत ओढून घेतात, तशी खालचं चाक आणि वरची चाती मिळून कड ओढतात. चातीलाही खेच मिळाल्यामुळे जाड कडेवर ओपनर अडकत नाही. कुठला घ्यावा असं कुणी विचारलं तर मी मुठींचा रंग न बघता मागचे गिअर बघायला सांगेन.

उभ्या जोडापाशी, म्हणजे भिंतीचा पत्रा जिथे जोडलेला असतो तिथे, कड किंचित जाड होते. ओपनरची खरी परीक्षा तिथेच. चांगला ओपनर जरा अडखळून पुढे जातो. मधल्या खिळीत ढिलेपणा आलेला ओपनर तिथे निसटतो आणि बोटभर पत्रा न कापताच पुढे पळतो. दोष बहुतेकदा धारेत नसतो. चाती आणि चाक यांच्यात पत्र्याच्या जाडीला शोभेल एवढीच फट असली पाहिजे. खिळ झिजून फट वाढली की पत्रा कातरला जाण्याऐवजी त्या फटीत वाकून बसतो. दातांमध्ये सुकलेला पाक आणि गंज बसला, तरी पकड सुटते. जुन्या टूथब्रशने दात घासून, कोरडे करून, आसावर खायच्या तेलाचा एक थेंब सोडला की पुष्कळसे ‘बिघडलेले’ ओपनर सुधारतात. चाती प्रत्येक डब्यातल्या अन्नात बुडते हे लक्षात घेतलं, तर तसाही तो दर वेळी धुवायला हवा.

काही ओपनर झाकण वरून न कापता बाजूने कापतात. यात चाती कडेच्या बाहेरच्या बाजूला टेकते आणि पाच थरांपैकी फक्त सगळ्यात बाहेरचा एक थर चिरते. तो थर झाकणाचा, आणि त्याचंच खालचं टोक भिंतीच्या आकड्यात अडकलेलं असतं. तो चिरला की आकडा सुटतो आणि झाकण कडेसकट वर उचललं जातं. चाती अन्नाला लागत नाही, झाकण आत पडत नाही, बोट कापायची धास्ती कमी. फक्त त्या चातीची खोली मिलिमीटरच्या दशांशात सांभाळावी लागते. थोडी जास्त गेली तर भिंतीच्या थरालाही चीर, थोडी कमी पडली तर झाकण हलतच नाही. स्वस्तातले बाजूने कापणारे ओपनर लवकर कामातून जातात ते यामुळे.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकी सैन्याचा पी-३८. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली तो तयार झाला. पत्र्याचे दोनच तुकडे, लांबी जेमतेम ३८ मिलिमीटर. घडी घालायचं एक छोटं पातं आणि एक खाच. खाच कडेखाली अडकवायची, तो टेकू. मनगट वळवलं की पातं झाकणात घुसतं, मग थोडं पुढे सरकायचं, पुन्हा वळवायचं. चाक नाही, गिअर नाही, चावी नाही. काम तेच येट्सच्या नखीचं, पण आधाराला आता डबल सीमची कड आहे. म्हणून एवढासा पत्र्याचा तुकडाही डब्यावरून घसरत नाही.

मग अंगठीवाला डबा आला आणि ओपनर झाकणातच जाऊन बसला. ओहायोच्या एर्मल फ्रेझने पेयांच्या डब्यांसाठी ही युक्ती काढली, १९६३ मध्ये त्याचं पेटंट निघालं. झाकणावर आधीच गोल खाच मारून पत्रा तिथे मुद्दाम पातळ केलेला असतो. झाकणाच्याच पत्र्याचा फुगवटा काढून त्यावर अंगठी रिव्हेट केलेली. अंगठी उचलली की तिचं नाक खाचेवर दाबतं आणि पहिली चीर पाडते. ही तरफच झाली. त्यानंतर ओढलं की चीर खाचेवरून पळत सुटते. म्हणजे कापायचं काम कारखान्यानेच जवळजवळ पुरं करून ठेवलेलं.

पण पातळ खाच म्हणजे डबा पडला-आपटला तर फुटायची जागाही तीच, आणि असं झाकण साध्या झाकणापेक्षा महागही पडतं. झाकण मोठं झालं की ओढायला लागणारा जोरही वाढतो. आंब्याच्या पल्पचे ३.१ किलोचे मोठे डबे, जे केटरर आणि आइस्क्रीमवाले घेतात, ते म्हणूनच साध्या झाकणाचे. मोठ्या स्वयंपाकघरांत त्यांच्यासाठी ओट्याला शिकंजाने जखडलेला ओपनर असतो. त्यात डबा खाली ठेवायचा, वरून लांब दांड्याने पातं एकदाच झाकणात दाबायचं, मग मोठा हँडल फिरवायचा. दातेरी चाक इथेही कडेखालीच असतं, फक्त ओपनर जागच्या जागी राहतो आणि फिरतो तो डबा.