एच. पायलोरी: रक्तातली आयजीजी आणि स्टूल अँटिजेन एकच नव्हे

एच. पायलोरी या पोटातल्या जंतूवरचा औषधांचा कोर्स संपतो, महिनाभराने रक्ताची आयजीजी तपासतात, ती पुन्हा पॉझिटिव्ह येते आणि "जंतू दाद देत नाही" म्हणून नव्याने अँटिबायोटिक्स सुरू होतात. हे थांबायला हवं.

आयजीजी ही शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली अँटीबॉडी. जंतू मेल्यावरही ती रक्तात कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. उपचार लागू पडले का, हे तिच्यावरून कळतच नाही. स्टूल अँटिजेन म्हणजे जंतूचाच अंश. तो सापडला तर जंतू आत्ता पोटात आहे. युरिया ब्रेथ टेस्टही तेच सांगते: प्यायलेला युरिया जंतू फोडतो आणि त्यातला खूण केलेला कार्बन श्वासातून बाहेर पडतो. दोन्हींपैकी जी मिळेल ती करा.

मात्र वेळ पाळा. अँटिबायोटिक आणि बिस्मथ (या जंतूवरचंच आणखी एक औषध) संपून किमान ४ आठवडे, पॅन्टोप्राझोल-रॅबेप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या (पीपीआय) थांबवून किमान २ आठवडे झालेले हवेत. या गोळ्या जंतूंची संख्या दाबतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. रोज सकाळची ॲसिडिटीची गोळी अनेकांना औषध वाटतच नाही, म्हणून ती सांगायची राहते. मधल्या काळात जळजळ झाली तर डॉक्टरांना विचारून साधं अँटासिड घ्या.

अँटिजेन किंवा ब्रेथ टेस्ट पॉझिटिव्ह आली, तरच रेझिस्टन्सची, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नसल्याची, चर्चा. तेव्हा आधी क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं किट घेतलं असेल, तर तेच पुन्हा नकोच; त्यातून वाचलेला जंतू बहुधा त्या औषधाला जुमानत नाही. अमॉक्सिसिलिनला रेझिस्टन्स क्वचित येतो, ते पुन्हा चालतं. सर्वांत भरवशाचा मार्ग बिस्मथ क्वाड्रुपल, म्हणजे चार औषधांचा कोर्स: पीपीआय दिवसातून २ वेळा, बिस्मथ ४ वेळा, टेट्रासायक्लिन ५०० मिग्रॅ ४ वेळा, मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ ३ ते ४ वेळा, पूर्ण १४ दिवस. मेट्रोनिडाझोलला रेझिस्टन्स आपल्याकडे भरपूर आहे, पण पूर्ण डोस आणि पूर्ण मुदत दिली तर या चौकडीत ते बरंच काम करतं. टेट्रासायक्लिनऐवजी डॉक्सीसायक्लिन लिहिणं खटकतं, कारण तिचे निकाल कमी पडतात. टेट्रासायक्लिनसोबत दूध, लोह, कॅल्शियम नको.

बिस्मथने विष्ठा काळी होते, त्यासाठी कोर्स सोडू नका. ती डांबरासारखी चिकट, फार दुर्गंधीची असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र तो रक्तस्राव असू शकतो. लगेच दवाखाना गाठा.